चावी कुणाजवळ होती

१२ ऑगस्ट, मंगळवार

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या सगळ्याचा काला होईल.

दुपारी अमेय जेवायला आला. मंगळवारी येतोच. आठवडाभर रिचाच्या हातचं खाल्लं की त्याला आईचं वरण आठवतं. आज घाईत होता. टेबलावर चाव्या टाकल्या, हात धुतले न धुतले, बसला. म्हणाला, "गोडाउनचं शटर पाडून कुलूप लावून आलो. साड्या जाऊन राहिल्या आई, रोज एखादी. तीजेच्या सणाचा माल आहे, मले परवडत नाही असं. परवा नवं कुलूप घातलं. कामाच्या बायका आतच डबे खातात, म्हटलं खा निवांत, मी जेवून येतो."

मी काय म्हणाले? "कारलं घे अजून." एवढंच.

ताटात भात होता तेव्हा फोन आला. "आग? कुठं आग?" तसाच उठला, खरकट्या हाताने. गाडी फाटकाबाहेर गेली आणि माझं लक्ष गेलं, गोडाउनच्या चाव्या टेबलावरच. गाडीची तेवढी त्याच्या खिशात असते. गॅलरीत धावले, हाक मारली. गेला होता. फोन लावला, उचलेना. इथून भनपुरीचं गोडाउन काय हाकेच्या अंतरावर आहे? ऑटो करून निघावं हे सुचायलाच वेळ लागला, आणि सुचलं तेव्हा वाटलं आता काय उपयोग. चाव्या हातात धरून मी गॅलरीत उभी.

लोकांनी सब्बल घालून शटर उचकटलं. विजेच्या बोर्डातून ठिणगी उडाली म्हणे. प्लास्टिकच्या पन्न्या, साड्यांचे गठ्ठे, सगळीकडे धूर. बायका खोकत खोकत बाहेर आल्या. रामबती म्हणून एक आहे, ती मागे राहिली होती. तिला शेवटी काढलं. श्वास चालू आहे.

चाव्या डाळीच्या डब्यामागे ठेवल्या. तिथे का, ते मलाही सांगता येणार नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

अमेयबरोबर दवाखान्यात गेले. काचेतून पाहिलं. नळ्याच नळ्या. तोंड दिसत नाही, पायाची बोटं दिसतात, त्यांना आलता लावलेला. राखीला लावला असेल.

बाहेर तिचा नवरा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. आम्हाला ओळखत नाही. अमेयने सगळा खर्च अंगावर घेतला आहे, ते बरंच केलं. पण नवऱ्यासमोरून जाताना तो फोन कानाला लावून गेला. कुणाचाही फोन आलेला नव्हता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ठाण्याचे टी.आय. अमेयच्या दुकानात येऊन गेले. गोड बोलतात म्हणे. एकच विचारलं, "ताला बाहर से था. चाबी किसके पास थी?" अमेय म्हणाला, "देखना पड़ेगा सर, स्टाफ के पास रहती है."

स्टाफ म्हणजे कोण? गोडाउनला स्टाफ एकच, धनेश. माझ्या बालमैत्रिणीचा, भोजलीचा मुलगा. आणि तो त्या वेळी टेंपो घेऊन पंडरीला दुकानात माल उतरवत होता.

वकील म्हणतो, सगळी केस या एका उत्तरावर आहे. बाई वाचली तर एक कलम, गेली तर दुसरं. "और माताजी, ये आप किसी से डिस्कस मत कीजिएगा." माताजी! मी याच्या थोरल्या बहिणीला बी.ए.ला नीतिशास्त्र शिकवलं आहे.

दुपारी अमेय इथेच सोफ्यावर झोपला, तोंड उघडं टाकून. लहानपणी तापात झोपायचा तसा. खूप भरून आलं. राग यायला हवा होता. तो येत नव्हता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

राहवेना. भोजलीकडे गेले.

आम्ही दोघी चौथीत होतो. बाबांचं रेल्वेचं क्वार्टर आणि तिचा पारा, म्हणजे वस्ती, यांच्यामध्ये एक तळं. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिथे टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब पाण्यात शिरवायला बायका यायच्या, गात. त्या कोंबांना भोजली म्हणतात. त्यातले चार तिने माझ्या कानावर खोवले, चार मी तिच्या. झालं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींच्या भोजली. सख्ख्या बहिणीहून सख्खं असतं ते इथे. तिचा मुलगा मला फूलदाई म्हणतो. आई म्हणायची, "काय गं हे छत्तीसगढी खूळ, आपल्यात नसतं असं." नसतं, खरंच.

आज तिच्या ओसरीत बसले आणि बांधच फुटला. भेटल्यावर "सीताराम भोजली" म्हणायचंसुद्धा भान राहिलं नाही. म्हटलं, "माझा एकच पोरगा आहे गं. नेतील त्याले."

ती म्हणाली, "झन रो." रडू नको. पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच विचारलं, "चाबी काखर करा रिहिस?" कुणाजवळ होती.

तिच्याशी काय लपवायचं? म्हटलं, अमेयजवळ. माझ्या घरी.

ती म्हणाली, "हव." नुसतं हो.

चहा केला. बिस्किटं दिली. येताना हलकं वाटलं मला.

१६ ऑगस्ट, शनिवार

धनेश सकाळीच ठाण्यात गेला. आपणहून. लिहून दिलं की शटर मीच पाडलं, कुलूप मीच लावलं, चावी माझ्याजवळ होती, पंडरीला गेलो तेव्हा खिशात राहून गेली.

अमेयने फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज निम्मा हलका झालेला. "आई, मी काही म्हटलं नाही त्याले. देवाशपथ. तो आपल्या मनानंच गेला."

मला माहीत आहे तू काही म्हटलं नाहीस. मी म्हटलं.

अकराच्या सुमारास अमेय स्वतः आला. दारातच उभा. "त्या चाव्या कुठं आहे? धनेशले जमा कराव्या लागतील." मी स्वयंपाकघरात गेले, डाळीचा डबा सरकवला, चाव्या आणून त्याच्या हातात दिल्या. जिन्यावरून उतरताना तो वळून म्हणाला, "जेवून घे वेळेवर."

१७ ऑगस्ट, रविवार

उभा जन्म पोरांना शिकवलं की हेतू महत्त्वाचा. आता स्वतःचा हेतू तपासू म्हटलं तर सापडत नाही.

मी रडायला गेले होते. मागायला गेले नव्हते. पण भोजलीला दुःख सांगणं म्हणजे काम सांगणं असतं, हे मला माहीत नव्हतं का? ह्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा रक्त मिळेना, एवढंच मी तिच्याशी बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पाऱ्यातली चार माणसं बाह्या वर करून रांगेत उभी. आमच्यात मन मोकळं करतात आणि घरी जातात. तिच्याकडे तसं नसतं. मला हे माहीत होतं. मग मी तिच्याकडेच का गेले? माझ्या दोन सख्ख्या बहिणी आहेत, नागपुरात, फोन उचलतात.

वर्गात हमखास विचारायची मी हे. न मागता कुणी आपणहून दिलं, तर घेणाऱ्याला दोष लागतो का? पोरं वाटेल ती उत्तरं द्यायची. मी सगळ्यांना थोडे थोडे मार्क द्यायची.

१८ ऑगस्ट, सोमवार

भोजलीकडे. धनेश जामिनावर सुटून घरी आला होता, झोपला होता.

म्हटलं, हे काय केलं तुम्ही? मी असं म्हटलं होतं का?

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तैं नइ मांगेस. मैं दे हंव." तू मागितलं नाहीस, मी दिलं.

"अगं पण धनेश..."

"तोर टुरा ह मोर टुरा नोहे का?" तुझा मुलगा तो माझा नाही का?

मला उत्तर देता आलं असतं. तुझा मुलगा माझाही आहे, म्हणून मी तो असा जाऊ देणार नाही, हे सरळ वाक्य होतं. आत्ता लिहिताना किती सोपं वाटतं आहे.

निघताना पाहिलं, समोरच्या नळावर बायका होत्या. रामबती याच पाऱ्यातली. मी गेले तशा सगळ्या गप्प झाल्या. मला वाटलं माझ्यामुळे. पण त्या भोजलीच्या दाराकडे पाहत होत्या.

२० ऑगस्ट, बुधवार

धनेश येऊन गेला. नेहमीसारखा पाया पडला. पाणी घेतलं, खुर्चीवर बसेना, वेताच्या मोड्यावर बसला. मग म्हणाला, "फूलदाई, एक बात पूछनी थी. साहब ने फिर बुलाया है. पूछ रहे थे, छल्ले में क्या-क्या था, जमा करने से पहले का बताओ. मैंने तो ठीक से देखा ही नहीं. भैया ने लिफाफे में डाल के दी थी."

नवं कुलूप. त्या कुलपाची चावी त्याने कधी हातात धरलेलीसुद्धा नाही.

मी सांगितलं. पितळेचा गणपती, सोंड झिजलेली. एक मोठी चावी, एक लहान, लहानीला लाल दोरा. तो पुटपुटत राहिला. "लाल धागा बड़ी में?" मी म्हटलं, "नाही रे, लहानीला. परत सांग." त्याने परत सांगितलं. मी म्हटलं, "बरोबर."

तो गेल्यावर लक्षात आलं मी काय केलं. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरांची तयारी करून घ्यावी तशी मी खोट्याची उजळणी करून घेतली. आणि चूक झाली तर दुरुस्त केली. सवयीने.

स्वतःची किळस आली. दुपारी जेवले मात्र.

२३ ऑगस्ट, शनिवार

पोळा. दरवर्षी भोजलीकडून ठेठरी-खुरमीचा फराळ येतो, धनेशची बायको सुनीता घेऊन येते. यंदा येणार नाही असं धरून होते. आली. डबा नेहमीएवढाच.

सुनीता बोलत नाही फारशी. आज बोलली. रात्री छपरावर दगड पडतात. नळावर त्यांची पाण्याची गुंडी बाजूला सारतात. किराणावाला सामान देतो पण पैसे हातात घेत नाही, "रख दो उधर" म्हणतो. लोक म्हणतात, अपने पारे की औरतों को ताले में मार रहा था. धनेश बाहेर पडत नाही. रामबतीच्या दिराने दारात येऊन सांगितलं आहे, ती गेली तर बघ.

"अम्मा क्या बोलती है?" मी विचारलं.

"अम्मा कुछ नहीं बोलती. अम्मा बोली, ये सब उधर नहीं बताना."

आणि तरी हिने सांगितलं. मी ऐकलं आणि तिला साडी दिली. अमेयच्या दुकानातली होती, माझ्या कपाटात पडलेली. घडी देताना मला लाज वाटली, पण दुसरी नवी नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार

रामबती गेली. पहाटे.

उद्या तीजा. आज इथल्या घराघरांत माहेरवाशिणी आलेल्या असतात, संध्याकाळी कारल्याची भाजी आणि भात खातात आणि उपास धरतात. भोजलीच्या मुलीला सासरच्यांनी धाडलं नाही. सांगून पाठवलं, तुमच्या घरी आता आमची सून येणार नाही.

दुपारी धनेशला परत नेलं. कलम बदललं, वकिलाचा अंदाज बरोबर निघाला. आता जामीन कठीण. अमेय म्हणाला, "आई, मी मोठा वकील लावून देतो त्याले. सगळा खर्च माझा. त्याच्या घरचं सगळं मी पाहीन." फार मनापासून म्हणत होता. तेच मला सहन झालं नाही. म्हटलं, "आणि चावी?" तो म्हणाला, "आता ते नको काढू."

बी.पी.ची गोळी दोनदा घेतली की एकदाच, आठवत नाही. हे मी रिचाला फोनवर बोलून गेले. बोलायला नको होतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

अमेयकडे गणपती. मूर्ती गेल्या वर्षीपेक्षा मोठी. आरतीला माणसं बरीच. कुणीतरी म्हणालं, "बड़ी विपदा टल गई भैया आपकी." अमेय हात जोडून म्हणाला, "बाप्पा की कृपा."

मी तिथे उभी होते. हातात तबक होतं. तबक ठेवून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. रिचा मागून आली, "मम्मी, आप ठीक हैं? आप दवाई फिर भूल गईं क्या?" तिच्यामागे तिची मावशी उभी होती. रिचा तिला हळूच म्हणाली, "आजकल इनको कुछ याद नहीं रहता."

मला सगळं आठवतं. तोंडावर म्हणायला हवं होतं.

३० ऑगस्ट, शनिवार

अमेयने नवीन गोडाउन घेतलं आहे, भनपुरीतच, जुन्याच्या पलीकडच्या गल्लीत. दिवाळीचा माल येऊन पडला. मला कुणी बोलावलं नव्हतं. भोजलीकडे जायचं म्हणून ऑटो केला आणि धीर होईना तिच्या दारी जायचा, तेव्हा ऑटोवाल्याला म्हटलं, त्या गल्लीतून घे.

दुपारची वेळ. शटर खाली. बाहेरून कुलूप.

आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज. कुणीतरी हसली. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

समोर पानठेल्याच्या सावलीत स्टुलावर सुनीता बसली होती. गळ्यात दोरा, दोऱ्याला चावी. मला पाहून उठली, पाया पडली. तिला नोकरी दिली आहे अमेयने, गेल्या दोन दिवसांपासून. "भैया बोले, घर में बैठ के क्या करोगी. चाबी का काम है बस, बैठे रहना है." आणि म्हणाली, "भैया बहुत अच्छे हैं."

मी तिला म्हटलं, "उघड." ती घाबरली. म्हणाली, भैयाने सांगितलं आहे, विचारल्याशिवाय नाही. मी म्हटलं मी भैयाची आई आहे. तिने फोन काढला. मी तिच्या हातातून फोन घेऊन बंद केला आणि म्हटलं, आधी उघड. उघडलं तिने. आतल्या बायका जेवता जेवता माझ्याकडे पाहायला लागल्या. मी काय सांगणार होते त्यांना? म्हटलं, "जेवा, जेवा."

३१ ऑगस्ट, रविवार

अमेयला बोलावलं. म्हटलं, अरे, तू परत कुलूप घालतो?

"आई, माल जाऊन राहिला ना."

"बाई गेली एक."

"म्हणून तर. मी आता चावी माझ्याजवळ ठेवतच नाही." हे त्याने मला समजावून सांगितलं. शांतपणे. मी काळजी करू नये म्हणून.

हा माझा मुलगा, दुष्ट नाही. मुंगीला पाय लागला तर मागे सरणारा. धनेशच्या वकिलाला, दवाखान्याला कशालाच नाही म्हटलं नाही त्याने. आणि एवढ्या सगळ्यातून तो हे शिकला, की चावी दुसऱ्याच्या गळ्यात असावी. कुणी शिकवलं? मी, भोजली, धनेश, आम्ही तिघांनी मिळून शिकवलं. इतक्या सहज त्याच्या अंगावरचं काढून घेतलं की त्याला जड वाटलंच नाही.

म्हटलं, मी टी.आय.कडे जाऊन सांगते.

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "काय सांगशील? चावी तर तूच दिली मले. धनेशले छल्ला कसा दिसतो ते कोणं सांगितलं?" मग म्हणाला, "तुझी तब्येत बरी नाही आई. गुरुवारी डॉक्टरची वेळ घेतली आहे रिचानं. ते डोक्याचे आहे ना, ते. नुसतं दाखवून येऊ."

२ सप्टेंबर, मंगळवार

आज अमेय जेवायला आला नाही.

भोजली आली. ती कधी येत नाही माझ्या घरी, मीच जाते. जिना चढून आली, धापा टाकत होती. मी म्हटलं, "सीताराम भोजली." ती काही बोलली नाही. आत येईना. उंबऱ्याबाहेरच उभी.

मी इतके दिवस वाट पाहत होते, हे आता लिहून टाकते. ती एकदा म्हणेल, माझं पोर सोडव, आणि मी उठेन. तिने मागितलं नाही म्हणून मी गेले नाही. सोयीचं होतं ते फार. दिलेलं परत मागायचं नाही, भोजलीत तसं नसतं, हे तिला जेवढं ठाऊक तेवढंच मलाही. ती मागूच शकत नव्हती आणि मी तिच्या न मागण्याच्या आडोशाला बसून होते.

ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "कुमुद."

भोजलीचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. घेतलं की संपलं. चौथीनंतर तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. तिने पुन्हा घेतलं, मोठ्याने, खालच्या मजल्यावर जाईल इतकं.

"कुमुद, मोर टुरा ला छोड़वा दे."

ती माझी कुणी राहिली नव्हती, म्हणून आता मागू शकत होती. कुठलीही बाई कुठल्याही बाईला मागेल तसं. मी तिचा हात धरायला गेले, तिने मागे घेतला. रागाने नाही. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यापासून घेतो तसा.

मी म्हटलं, "हो." ती गेली. कठडा धरून एकेक पायरी उतरली. मी वरून पाहत होते. रडू आलं नाही, ओरडावंसं वाटलं.

३ सप्टेंबर, बुधवार

अमेयला फोन केला. लपून जायचं नाही, सांगून जायचं, हे मी ठरवलं आहे. म्हटलं, उद्या सकाळी जाते ठाण्यात. तो म्हणाला, "उद्या डॉक्टर आहे." म्हटलं, त्याआधी जाते. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "बरं."

नुसतं बरं. त्याने भांडायला हवं होतं.

आरशासमोर म्हणून पाहिलं. "उस दिन चाबी मेरे घर पर थी." हे येतं, वर्गात म्हणावं तसं खणखणीत येतं. पुढचं, "और मैंने ही बाद में निकाल के दी," हे म्हणताना आवाज फुटतो. टी.आय. आधी हेच विचारणार. मग विचारणार, इतने दिन आप कहाँ थीं? घरीच होते, साहेब. पोळ्याची ठेठरी खात होते. मग माझंही नाव लागेल कुठल्यातरी कलमाला. लागू दे. हे इथे लिहिता येतं, पण ठाण्यात काय होईल ते कुणी सांगावं.

माझा मुलगा आत जाईल. हे एकदा लिहून पाहिलं. भोजलीने हे आपल्या मुलाबद्दल ठरवलं होतं आणि ती तांदूळ निवडत बसली होती. भोजली लिहिलं मी. आता तसं लिहायचा हक्क नाही, पण दुसरं नाव हाताला येत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आंघोळ झाली. पांढरी साडी नको, उगीच कुणाला कणव यायला नको, निळी नेसले. बी.पी.ची गोळी एकदाच घेतली. नऊचा ऑटो सांगितला होता.

ऑटो आला. त्याच्यामागे अमेयची गाडी आली. गॅलरीतून पाहते आहे. अमेय उतरला, ऑटोवाल्याशी काही बोलला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ऑटो निघून गेला.

गाडीत मागे रिचा बसली आहे. काच वर आहे.

त्याने वर पाहिलं. हात केला, लहानपणी शाळेतून आल्यावर करायचा तसा. ओरडून म्हणाला, "आई, मीच सोडतो तुले! थांब, वर येतो!" कुठे सोडतो, ते म्हणाला नाही.

जिन्यावर त्याची पावलं. सावकाश येतो आहे.

जिन्यातच गाठते त्याला. घरात आला तर म्हणेल, आई, बस जरा, आणि मी बसेन.